लिंबाजीनं बायकोसाठी गट आणला

एका गावात एक भोळा मंडपवाला होता. गावाचं नाव बोरजवळा, मंडपवाल्याचं नाव लिंबाजी. भोळा म्हणजे किती? आता काय सांगू! गावातल्या म्हशींना त्याच्यापेक्षा जरा जास्तच कळत असेल. पण म्हैस सांगितलेलं ऐकत नाही आणि लिंबाजी ऐकायचा. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तोच तर घोळ होता.

एकदा एका लग्नात नवरीच्या बापानं त्याला बजावलं, "लिंबाजी, पाहुणे उठल्याशिवाय खुर्च्या हलवायच्या नाहीत बरं का."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

पाहुण्यांत एक म्हातारे मामा होते. त्यांना बासुंदी जास्त झाली आणि ते खुर्चीतच झोपले. वऱ्हाड गेलं. नवरी रडून गेली. आचारी कढया घासून गेला. लिंबाजी आपला मामांच्या शेजारी उभा. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा मामांनी डोळे उघडले. डोक्यावर मंडप होता, बाजूला लिंबाजी होता, बाकी माळ मोकळा.

"लग्न लागलं का रे?" मामांनी विचारलं.

"तुम्ही उठा, मग सांगतो," लिंबाजी म्हणाला.

त्याची बायको कौसल्या मात्र हुशार होती. ती त्याला काम सांगायची तर कसं सांगायची? "भाजीत मीठ टाका. एक चमचा. आत्ता. आपल्याच भाजीत." असं चारी बाजूंनी बांधून सांगितलं की काम चोख व्हायचं. एखाद्या वेळी एक बाजू बांधायची राहिली, तर शेजारच्या घरची भाजी खारट व्हायची. मग कौसल्या पदर तोंडाला लावून हसायची आणि लिंबाजी तिच्याकडे बघून हसायचा. कशाला हसतोय ते त्याला ठाऊक नसायचं. पण संसार छान चालला होता.

आणि मग हरतालिका आली.

त्या दिवशी सकाळीच कौसल्याच्या भावाचा फोन आला. भाऊ नवनाथ, राहायला लांब, सहा तासांची वाट. तो म्हणाला, "दाजी, आईचं काही खरं नाही. आक्काला घेऊन लगेच निघा. पण ती जेवल्याशिवाय तिला सांगू नका. नाहीतर तिच्या पोटात अन्न जायचं नाही. आणि मी असं सांगितलं म्हणू नका, माझ्यावर चिडेल."

आता ही आपल्याकडची रीतच आहे. वाईट बातमी उपाशीपोटी सांगत नाहीत. कुणीही असंच म्हणालं असतं.

"बरं," लिंबाजी म्हणाला.

त्यानं कौसल्याला विचारलं, "जेवलीस का?"

"अहो, आज हरतालिका. पाण्याचा थेंब नाही घ्यायचा."

दुपारी त्यानं विचारलं, "आता जेवलीस का?"

"काय हे! उद्या सकाळी उपवास सोडायचा."

संध्याकाळी तो पेढा घेऊन आला, केळं घेऊन आला, एवढंसं तरी खा म्हणून मागे लागला. कौसल्या लाजली. नवरा एवढी काळजी करतो म्हणून शेजारणींना सांगून आली. तेवढ्यात पाऊस झाला, गावची लाईट गेली आणि फोनही बंद पडला. दुसऱ्या दिवशी गणपती बसले, नैवेद्य झाला, कौसल्यानं मोदकाचा घास गिळला. घास गळ्याखाली उतरला हे लिंबाजीनं नीट बघितलं आणि मग तो म्हणाला, "तुझी आई फार आजारी आहे. लगेच निघायचंय."

ती दोघं पोहोचली तेव्हा राखसुद्धा निवली होती.

हसू आलं असेल तर हसा, पण कौसल्याचं त्या दिवशी जे हसू गेलं ते गेलंच. बोलणंही गेलं. भांडली असती तर बरं होतं. ती भांडलीच नाही. भाकरी थापायची, पाणी भरायची आणि दुपारभर दारात बसून रस्त्याकडे बघायची. खायची चिमणीएवढं. रात्री जागीच असायची. लिंबाजी काही विचारायला गेला की भिंतीकडे तोंड करायची. मला निरोप तसा होता, हे लिंबाजीला सांगता आलं असतं. पण नवनाथनं 'माझं नाव घेऊ नका' म्हणून सांगितलं होतं ना!

पितृपंधरवड्यात नवनाथचा निरोप आला. "दिवाळीआधी आक्काला न्यायला येतो. परत पाठवायची की नाही ते मग बघू."

बायको जाणार आणि परत येणार नाही, एवढं मात्र लिंबाजीला कुणी न समजावता कळलं.

मंगल ही गावची आशाताई, सरकारी आरोग्यसेविका. ती घरी आली. कौसल्याची नाडी बघितली, डोळे बघितले. म्हणाली, "भाऊ, हिचं दुखणं मनाचं आहे. तालुक्याच्या दवाखान्यात अनुपमाताई म्हणून आहेत, त्या दर गुरुवारी माणसांचा गट घेतात. चारचौघं एकत्र बसतात, मनातलं बोलतात, त्यानं बरं वाटतं. हिला गटाची गरज आहे."

कौसल्यानं मान हलवली. नाही म्हणजे नाही. चार लोकांत मन उघडं करायचं? शी!

"मग घरातलं दुसरं कुणीतरी जा," मंगल म्हणाली.

"बरं," लिंबाजी म्हणाला. गुरुवारी त्यानं स्टीलचा मोठा डबा घासून पुसून घेतला आणि बायकोच्या वाटचा गट आणायला निघाला.

दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली होती. आत खुर्च्या गोल मांडलेल्या. लिंबाजीला वाईट वाटलं. एवढा मोठा दवाखाना आणि खुर्च्या लावता येत नाहीत! त्यानं पटापट सगळ्या खुर्च्या रांगेत लावल्या, पुढे दोन जरा सजवून ठेवल्या.

अनुपमाताई आल्या. "अहो, हे काय?"

"नवरा-नवरी कुठं बसणार?"

ताईंनी कपाळावर हात मारला नाही. शिकलेल्या बाई होत्या. त्यांनी शांतपणे खुर्च्या परत गोल मांडून घेतल्या. "इथं कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. सगळे सारखे. बसा."

तो गट दारू सोडणाऱ्यांचा होता. एक धिप्पाड माणूस उभा राहिला. "मी शिवराम मिस्त्री. मी दारुडा आहे. पोळ्यापासून थेंबाला शिवलो नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टाळ्या कशाला?" लिंबाजीनं विचारलं.

"उभं राहून, आपलं नाव घेऊन, स्वतःचं खरं सांगायला छाती लागते, भाऊ. पुढच्याला बळ मिळतं. असं कुणी सांगितलं की टाळ्या वाजवायच्या."

"बरं," लिंबाजी म्हणाला. निघताना त्यानं डबा उघडून पुढे केला. "आमच्या बायकोचा तेवढा द्या."

ताईंना वाटलं, चेष्टा करतोय. त्या हसल्या. डबा रिकामाच परत आला.

तो गावात शिरतो न शिरतो तोच शेजारचा गंगाराम रस्त्यात उभा. छाती बडवत म्हणाला, "मी गंगाराम कसा करंटा रे! दुभती म्हैस, काल धडधाकट होती, आज गेली!"

उभा होता. नाव घेतलं होतं. खरं सांगत होता. लिंबाजीनं डबा खाली ठेवला आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

गंगारामच्या हातात म्हशीचं दावं होतं, तेच त्यानं हाणलं. लिंबाजी घरी आला तेव्हा पाठीवर वळ होते. कौसल्यानं हळद तापवून आणली, लावली आणि परत दारात जाऊन बसली.

पुढच्या गुरुवारी लिंबाजीनं ताईंना वळ दाखवले. आता ताईंना कळलं की हा माणूस चेष्टा करत नाही. त्यांनी त्याच्याकडून कौसल्याची सगळी हकीकत काढून घेतली आणि त्याला दुसऱ्या गटात बसवलं. ह्या गटात ज्यांचं जवळचं माणूस गेलंय अशी मंडळी यायची. शिवराम मिस्त्री इथंही होता. त्याचा मुलगा गेला होता, दारू त्यानंतरची.

पारखेबाई म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांना जाऊन वर्ष झालं. चपला अजून दारात तशाच आहेत. रोज पुसते."

"कुणाला तरी देऊन टाका की," लिंबाजी म्हणाला. "माझ्याच मापाच्या असतील."

"लिंबाजीभाऊ," ताई म्हणाल्या, "कुणी दुःख सांगितलं तर टाळ्याही नाही वाजवायच्या आणि उपायही नाही सांगायचा. आपण समोर बसायचं, मधे बोलायचं नाही. फार तर म्हणायचं, 'ऐकतोय मी.' बस्स. दुःख वाटून घेणारा कुणी आहे एवढं कळलं तरी माणसाला हलकं वाटतं."

आणि खरंच, पारखेबाई जाताना ताठ चालत गेल्या.

"बरं," लिंबाजी म्हणाला. डबा पुढे केला, डबा रिकामा परत आला.

त्याच आठवड्यात सरपंचांच्या नातवाचं बारसं होतं. मंडप लिंबाजीचाच. मागे दामूअण्णा आचारी जिलब्या तळत होते. जाळ उडाला आणि मंडपाच्या कापडाला लागला.

"लिंबाजी!" दामूअण्णा ओरडले. "मंडप पेटला!"

लिंबाजी धावत आला. अण्णांचा चेहरा बघितला. बिचारे फार दुःखी दिसत होते. त्यानं एक खुर्ची ओढली, अण्णांच्या समोर बसला आणि म्हणाला, "ऐकतोय मी."

"अरे, पाणी आण!"

"उपाय नाही सांगायचा अण्णा. तुम्ही बोला. मी मधे बोलत नाही."

"अरे गाढवा, मंडप तुझा आहे!"

"ऐकतोय मी," लिंबाजी म्हणाला.

नशीब, पोराटोरांनी घागरी ओतल्या. अर्धा मंडप गेला आणि लिंबाजीच्या मिशीची एक बाजू गेली. कौसल्यानं भाजल्यावर कोरफड लावली. लावताना ती त्याच्या अर्ध्या मिशीकडे जरा वेळ बघत राहिली. बोलली नाही. पण बघत राहिली.

ताईंनी ते ऐकून डोळे मिटले. मग म्हणाल्या, "आज ह्या तिसऱ्या गटात बसा. इथं आपण मनाला आवरायला शिकतो." तिथं राग अनावर होणारी माणसं होती, छातीत धडधडून घाबरी होणारी माणसं होती. ताई शिकवत होत्या, "जीव घाबरला की धावायचं नाही. पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे. सावकाश श्वास घ्यायचा. मग समोर दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्यायची. मन ठिकाणावर येतं." एक तरणी बाई म्हणाली, परवा बसमध्ये असंच केलं आणि ती कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा एकटी तालुक्याला आली. सगळ्यांना आनंद झाला.

"बरं," लिंबाजी म्हणाला.

गुरुवार म्हणजे तालुक्याचा बाजार. लिंबाजी डबा घेऊन बाजारातून निघाला होता. इतक्यात आरडाओरडा झाला. बैल उधळला! माणसं सैरावैरा पळाली. बैल शिंगं खाली घालून सरळ लिंबाजीवर आला. लिंबाजीचा जीव घाबरला. पळायचं नव्हतं. त्यानं पाय जमिनीवर घट्ट टेकवले. सावकाश श्वास घेतला.

"एक, शिंग," तो म्हणाला. "दोन, दुसरं शिंग. तीन, बैल."

मग तो वर गेला.

"चार, आभाळ."

मग तो खाली आला.

"पाच, टमाटे."

टमाटेवाल्यानं त्याला उचलून चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं. लोक जमले. कुठून आला, काय झालं? लिंबाजीनं सगळं सांगितलं. गटात काय चालतं, मिस्त्री पोराच्या आठवणीनं कसा रडतो, बाई चपला कशा पुसतात. टपरीला भारी मजा आली. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बाजारात झालं आणि शिवराम मिस्त्री आठ दिवस घराबाहेर पडला नाही.

घरी कौसल्यानं त्याच्या कानातून टमाट्याची बी काढली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. लिंबाजीनं ते बघितलं आणि त्याला रडू आलं, कारण दिवाळी जवळ आली होती.

ह्या वेळी मात्र ताई चिडल्या. "लिंबाजीभाऊ, तुम्ही फार वाईट केलंत. वर्तुळात बोललेलं वर्तुळाबाहेर जाऊ द्यायचं नाही. कुणी म्हणजे कुणाच्या कानावर जाता कामा नये. आत कोण आहे हेही सांगायचं नाही, प्रत्यक्ष पोलीस आले तरी. ह्या एका भरवशावर तर माणसं तोंड उघडतात!"

लिंबाजीनं मान खाली घातली. शिवराम मिस्त्रीच्या पाया पडला. मिस्त्री मोठ्या मनाचा. म्हणाला, "जाऊ दे. तुला तरी कोण आहे सांगायला?" लिंबाजीनं निघताना डबा पुढे केला, तशी ताईंना त्याची दया आली. त्या समजावून म्हणाल्या, "अहो, गट डब्यातून नाही नेता येत. गट म्हणजे काही औषध नाही. ही माणसं म्हणजेच गट."

"असं होय!" लिंबाजी म्हणाला. "मग आधी नाही का सांगायचं?"

आता इथून पुढे नीट ऐका.

पुढच्या गुरुवारी दवाखान्याच्या खोलीला चुना लावायला काढलेला. ताई बाहेर उभ्या, दुःखाचा गट बाहेर उभा. ताई म्हणाल्या, "लिंबाजीभाऊ, तुमच्याकडे टेम्पो आहे, खुर्च्या आहेत. एखादी निवांत जागा आहे का माहितीत? चार भिंती, एक दार, बस."

"आहे," लिंबाजी म्हणाला.

त्यानं टेम्पोत गोल खुर्च्या मांडल्या आणि गटाला खुर्च्यांसकट बसवलं. ताईंना वाटलं, पलीकडची शाळा असेल. शाळा मागे पडली. बाजार मागे पडला. तालुका मागे पडला.

"कुठं नेताय?" ताई ओरडल्या.

"निवांत जागी," लिंबाजी म्हणाला.

टेम्पो थांबला तो बोरजवळ्यात, लिंबाजीच्या अंगणात. कौसल्या दारात तांदूळ निवडत होती. सात अनोळखी माणसं खुर्च्या हातात घेऊन खाली उतरली. आता पाहुणे दारात आल्यावर बाई काय करणार? ती उठली, पदर नीट केला, पाण्याचा तांब्या पुढे केला. ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि काय झालंय ते त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, "आलोच आहोत तर घटकाभर बसू. तुम्ही नाही बोललात तरी चालेल."

सगळे घरात गोल बसले, कौसल्याही बसली. गटात फोन नको, असा ताईंचा नियम होता. लिंबाजीनं डबा फिरवला. सगळ्यांनी आपापले फोन डब्यात टाकले. इतक्या दिवसांनी डबा भरला एकदाचा! मग त्यानं विचार केला. वर्तुळात बोललेलं बाहेर जाता कामा नये. आणि दार तर उघडं आहे. तो डबा घेऊन बाहेर आला, दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि मांडीवर डबा घेऊन ओट्यावर बसला.

आतून बोलण्याचा आवाज येऊ लागला तशी त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. आपल्याही कानावर जाता कामा नये.

ऊन कलंडलं. डबा वाजू लागला. एक फोन थांबला की दुसरा. आणि नेमकी त्याच वेळी अंगणात एक जीप येऊन उभी राहिली. त्यातून नवनाथ उतरला.

"दाजी, आक्का कुठंय?"

लिंबाजीनं कानातली बोटं काढली. "सांगता येत नाही."

"घरात आहे का?"

"आत कोण आहे ते सांगायचं नाही."

"कुलूप का लावलंय?"

"बाहेर जाऊ नये म्हणून."

नवनाथचा चेहरा पांढरा पडला. "आक्का! आक्का गं! ह्यानं काय केलं तुझं!" त्या ओरडण्यानं गाव जमलं. गंगाराम आला, सरपंच आले, दामूअण्णा झारा घेऊन आले, मंगल धावत आली. सरपंच म्हणाले, "लिंबाजी, मी पोलिसांना बोलावीन हं!"

"पोलिसांनाही नाही सांगायचं," लिंबाजी म्हणाला.

आणि मग आतून आवाज आला.

"अहो, दार उघडा."

कौसल्याचा आवाज! भाद्रपदापासून जो ऐकला नव्हता तो आवाज. लिंबाजीचा जीव घाबरा झाला. त्यानं पाय जमिनीवर घट्ट टेकवले, श्वास घेतला. बायको बोलतेय. म्हणजे दुःख सांगतेय. मधे बोलायचं नाही. त्यानं दाराला तोंड लावलं आणि म्हणाला, "ऐकतोय मी."

"ऐकताय? उघडा म्हणते ना!"

"ऐकतोय मी."

बस्स, बांध फुटला. "आता ऐकताय? आता? त्या दिवशी दिवसभर मी तुमच्यासमोर होते! जेवलीस का, जेवलीस का म्हणत होता. मला वाटलं, केवढी माया आहे ह्यांची माझ्यावर! शेजारणींना सांगत फिरले मी. आणि तुम्ही माझ्या आईचं मरण खिशात घालून माझ्यामागे पेढा घेऊन फिरत होता! आई वाट बघत असेल हो माझी. दाराकडे बघत असेल. मला तिचं तोंडसुद्धा नाही दिसलं. कुणावर रागावू मी? तुमच्यावर? तुमच्यावर रागवायचं म्हणजे लेकरावर हात उगारल्यासारखं वाटतं. मग मी गिळत बसले सगळं. आत ह्या बाई चपला पुसतात नवऱ्याच्या. मी काय पुसू? मी रस्त्याकडे बघत बसते, आई आत्ता येईल म्हणून!"

दामूअण्णांच्या हातातला झारा खाली गेला. लिंबाजी दाराला कपाळ टेकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी अर्ध्या मिशीवरून खाली पडत होतं. नवनाथचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. पण घ्यायचं नव्हतं. "ऐकतोय मी," तो म्हणाला. "ऐकतोय गं."

नवनाथ मटकन ओट्यावर बसला होता. तो उभा राहिला.

"आक्का, मी नवनाथ. जेवल्याशिवाय सांगू नका असं दाजींना मीच सांगितलं होतं. माझं नाव घेऊ नका हेही मीच सांगितलं. हरतालिका माझ्या ध्यानातच नाही आली. आणि नंतर कबूल करायची छाती झाली नाही. दोन महिने सगळ्या भावकीत मी ह्यांनाच शिव्या देत फिरतोय."

उभा राहिला होता. नाव घेतलं होतं. स्वतःचं खरं सांगितलं होतं. लिंबाजीनं डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या.

आतून शिवराम मिस्त्रीनं टाळ्या वाजवल्या. मग आतल्या सगळ्या वर्तुळानं वाजवल्या. अंगणात कुणाला काही कळलं नाही, पण गंगारामसुद्धा वाजवू लागला.

मग कौसल्या म्हणाली, "नव्या, तुला नंतर बघते." आवाज रडका होता, पण तिचाच होता, जुना. "आणि तुम्ही हो, नीट ऐका. इथून पुढे वाईट बातमी असली तर लगेच सांगायची. मला. त्याच क्षणी. मी उपाशी असले तरी, उपवास असला तरी, घास तोंडात असला तरी. कुणी काहीही सांगितलं असलं तरी. कळलं?"

चारी बाजूंनी बांधून सांगितलं होतं. लिंबाजीला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

"बरं," तो म्हणाला.

"आता दार उघडा. माणसं जेवायची थांबलीत."

लिंबाजीनं कुलूप काढलं. नवनाथ पहिला आत घुसला आणि बहिणीच्या पायांवर पडला. त्याच्यामागे मंगल, सरपंच, दामूअण्णा, गंगाराम, आणि काय चाललंय ते बघायला आलेलं अख्खं अंगण. लिंबाजीनं टेम्पोतल्या उरलेल्या खुर्च्या भराभर आत दिल्या. वर्तुळ मोठं झालं, भिंतींना लागलं. चूल पेटली, पिठल्याची फोडणी बसली. ताईसुद्धा म्हणाल्या, आता जेवूनच जाऊ.

लिंबाजी उंबऱ्यावर उभा राहून विचार करत होता. वर्तुळात बोललेलं ह्या सगळ्यांच्या कानावर गेलं. मोठी चूक झाली असती. पण ज्यांनी ज्यांनी ऐकलं, ते सगळे आता आत आहेत. म्हणजे चूक सुधारली. त्यानं दार ओढलं आणि परत कुलूप लावलं.

मग त्याच्या ध्यानात आलं की ऐकलेला अजून एक माणूस बाहेर आहे.

तो स्वतः.

त्यानं किल्ली हरवू नये म्हणून डब्यात टाकली, फोनांवर. झाकण घट्ट लावलं. डबा ओट्यावर ठेवला. मंडपाची शिडी लावून कौलांवर चढला, चार कौलं काढली आणि आत उडी मारली. तो वर्तुळाच्या बरोबर मधोमध, तांदळाच्या पोत्यावर पडला.

कौसल्या पंक्तीला बसली होती. पारखेबाईंनी आग्रहानं वाढलं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती. भाकरीचा तुकडा मोडून, पिठल्यात बुडवून, तिनं पहिला घास उचलला होता. सगळे तिच्याकडे बघत होते.

लिंबाजी उठला. कपडे झटकले. जेवलीस का, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

"कौसल्या," तो म्हणाला, "वाईट बातमी आहे. दाराला बाहेरून कुलूप आहे, आणि किल्ली बाहेर डब्यात आहे."

बाहेर डबा वाजत होता. सगळ्या गावानं दाराकडे बघितलं, मग वर कौलांकडे बघितलं. बाहेर बोलवायला कुणी उरलंच नव्हतं. कौसल्यानं घास खाली ठेवला, पदर तोंडाला लावला, आणि ती हसायला लागली ती काही केल्या थांबेचना. लिंबाजीही तिच्याकडे बघून हसू लागला. कशाला हसतोय ते त्याला ठाऊक नव्हतं.